जनवकिलीच्या फलनिष्पत्तीचे मापन

कायदा, शासकीय धोरण, अर्थसंकल्पातील तरतूद किंवा प्रशासनाची कार्यपद्धती बदलावी यासाठी संघटितपणे केलेल्या प्रयत्नांना जनवकिली म्हणतात. या प्रयत्नांनंतर प्रत्यक्षात काय बदलले आणि त्या बदलात प्रयत्नांचा वाटा कितपत होता, हे पुराव्यांच्या आधारे ठरविणे म्हणजे तिच्या फलनिष्पत्तीचे मापन होय.

सभा किती झाल्या, निवेदने किती दिली, बातम्या किती छापून आल्या, हे मोजणे सोपे असल्यामुळे अहवालांत अशाच आकड्यांची गर्दी होते; परंतु त्या कामाच्या नोंदी आहेत, फलनिष्पत्तीच्या नव्हेत. फलनिष्पत्ती दिसते ती दुसऱ्यांच्या वागण्यात : एखादा प्रश्न विधिमंडळाच्या कामकाजात येणे, विरोध करणाऱ्या सदस्याने मत बदलणे, मसुद्यात नवे कलम येणे, तरतूद झालेला निधी खर्च होणे. लसीकरणासारख्या कार्यक्रमात लस मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांची तुलना करता येते. राष्ट्रीय धोरणाच्या बाबतीत मात्र जनवकिली झाली नसती तर काय घडले असते, हे दाखवणारा तसाच दुसरा देश सापडत नाही. शिवाय विरोधकही दरम्यान आपले डावपेच बदलत असतात.

कालावधीची अडचण याहून मोठी आहे. ब्रिटनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी १७८७ साली लंडनमध्ये समिती स्थापन झाली. १७९१ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने बंदीचा प्रस्ताव ८८ विरुद्ध १६३ मतांनी फेटाळला. चार वर्षांच्या त्या टप्प्यावर कोणी मूल्यमापन केले असते, तर निष्कर्ष ‘अपयश’ असाच निघाला असता. पुढच्याच वर्षी संसदेकडे ५१९ अर्ज आले, म्हणजे पराभवाच्या काळातही जनमताचा पाया विस्तारत होता. कायदा मात्र १८०७ मध्ये झाला. त्याचे श्रेय एकट्या समितीला देणेही चुकीचे ठरेल, कारण सेंट-डोमिंग्यू या कॅरिबियनमधील फ्रेंच वसाहतीतील (आजचा हैती) गुलामांचा उठाव आणि फ्रान्सशी चाललेले युद्ध यांनी त्या काळचे राजकारण पार बदलून टाकले होते.

म्हणूनच ‘हे कोणामुळे घडले?’ याऐवजी ‘यात कोणाचा वाटा काय?’ हा प्रश्न अधिक प्रामाणिक ठरतो. कॅनडाच्या महालेखापरीक्षक कार्यालयात काम केलेले जॉन मेन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेले योगदान-विश्लेषण याच प्रश्नावर उभे आहे. त्यात बदल कसा घडेल याची कार्यकारणसाखळी आधी लिहून काढतात, मग तिची प्रत्येक कडी पुराव्याने तपासतात आणि पर्यायी स्पष्टीकरणांनाही तितक्याच गांभीर्याने सामोरे जातात. प्रक्रियेचा माग काढण्याची पद्धत याला पूरक आहे. संघटना अधिकाऱ्यांना भेटण्यापूर्वीच मसुदा अंतिम झाला होता असे आढळले, तर त्या भेटीमुळे मसुदा बदलल्याचा दावा तिथेच कोसळतो. उलट निवेदनातील अनोखी शब्दरचना मसुद्यात जशीच्या तशी उतरलेली दिसली, तर तो भक्कम होतो. कॅनडातीलच आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राने २००१ साली प्रसिद्ध केलेली फलनिष्पत्ती-आरेखनाची पद्धत संबंधित व्यक्ती व संस्थांच्या वर्तनातील बदलांवर लक्ष केंद्रित करते.

पुरावा मिळवताना संघटनेचे स्वतःचे म्हणणे पुरेसे नसते. निर्णयप्रक्रियेतील अधिकारी, पत्रकार आणि शक्य झाल्यास विरोधक यांच्या मुलाखती घ्याव्या लागतात. इथे एक नाजूक पेच आहे. अनेकदा निर्णयाचे श्रेय मंत्र्यांना घेऊ दिले तरच काम होते, आणि आतून मदत करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव उघड झाले तर त्याचे नुकसान होते. निधी देणाऱ्यांनी यशाचा जाहीर दावा मागणे म्हणूनच कामालाच बाधक ठरू शकते.

कायदा संमत झाला म्हणजे मापन संपत नाही; नियम बनणे, पैसा मिळणे, अंमलबजावणी होणे आणि अखेरीस लोकांच्या जगण्यात फरक पडणे हे टप्पे वेगवेगळे नोंदवावे लागतात. मिळवलेले टिकवणे किंवा वाईट तरतूद रोखणे हीदेखील फलनिष्पत्तीच आहे, जरी वरकरणी काहीच बदललेले दिसत नसले तरी. मिळवलेले टिकवण्याचे काम करारानंतरही संपत नाही, हे पुढील उदाहरणात दिसते. व्यक्तिविरोधी भूसुरुंगांवर (माणसांना लक्ष्य करणाऱ्या सुरुंगांवर) बंदी घालणारा करार १९९७ मध्ये झाला, त्याच वर्षी त्यासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १ मार्च १९९९ रोजी करार अमलात आला. अमेरिका, रशिया आणि चीन त्याबाहेरच राहिले, तर २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड या देशांनी करारातून बाहेर पडत असल्याचे औपचारिकपणे कळवले.