गाव सोडलं तरी रेशन सुटत नाही

ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा चाकणला कामाला निघालेल्या कुटुंबांना हमखास सांगितलं जातं : ‘रेशन आपल्या गावच्याच दुकानात मिळतं. तिकडे हवं असेल तर इथलं नाव कमी करा.’ हे चूक आहे, आणि याच सल्ल्यापायी कित्येकांची नावं कटतात. नव्या ठिकाणी ती चढेपर्यंत धान्य बंद!

‘एक देश, एक रेशन कार्ड’ 2022 पासून सगळ्या राज्यांत लागू आहे. नवं कार्ड काढायचं नाही, अर्जही करायचा नाही. जवळच्या कुठल्याही रेशन दुकानात कार्डाचा 12 अंकी किंवा आधार नंबर सांगायचा आणि ई-पॉस मशीनवर अंगठा द्यायचा.

धान्य वाटूनही घेता येतं. प्राधान्य गटात (स्वस्त धान्यासाठी सरकारनं निवडलेली कुटुंबं) माणशी 5 किलो, म्हणजे पाच जणांचे 25 किलो. चाकणला 10 उचलले, तर गावी आजी-आजोबांना उरलेले 15 मिळतात. अंत्योदयला, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांना मात्र माणसं कितीही असोत, कार्डामागे 35 किलो. दोन्ही गटांना धान्य फुकट. परराज्यात मिळतं ते फक्त केंद्राचं धान्य, आपल्या राज्य सरकारचं जादा काही नव्हे.

अडतं ते आधार जोडलेलं नसल्यानं किंवा ई-केवायसी (मशीनवर आधारनं ओळख पटवणं) राहिल्यानं. ई-केवायसीही आहात तिथल्या दुकानात होते, गावी जायची गरज नाही. नुसतं केशरी कार्ड पुरत नाही, प्राधान्य यादीत नाव हवं. दुकानदारानं परत पाठवलं तर तिथूनच रेशनच्या हेल्पलाइनला, 14445 किंवा 1967 ला फोन लावा.