गुळाचा कार्बन चुलवाणात कमी, सरीत जास्त

परवा आण्णांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या गुऱ्हाळावर गेलेलो. दुसरं आदण, म्हणजे रसाची दुसरी खेप, काहिलीत होतं, भेंडीचं पाणी टाकून वर आलेली मळी गुळव्या काढत होता, खाली चुलवाणात चिपाडं, म्हणजे रस काढून वाळवलेला ऊस, ढकलायचं काम चाललेलं आणि धुराड्यातनं काळा धूर. सोबत पुण्याचा एक मित्र होता. तो वर बघून म्हणाला, केवढा कार्बन सोडताय रे तुम्ही. आण्णा काही बोलले नाहीत, पण त्यांना लागलं ते दिसलं मला. म्हणून हे लिहितोय.

धूर वाईटच. तो चुलवाणापुढच्या माणसाच्या छातीत जातो, त्यावर वाद नाही. पण हवामान बदलाच्या हिशोबात चिपाडाच्या जाळातला कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत, कारण उसानं तो वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतनंच ओढलेला असतो आणि पुढचा खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यातनं फुटणारा ऊस, परत ओढणार असतो. दगडी कोळशाचं तसं नाही, तो कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला, बाहेर काढून जाळला की हवेत नवीन भर पडली. मात्र जळताना जो मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड निघतो तो धरतात, शेतात पाचट पेटवलं तरी हाच नियम.

आता हे वायू एका तराजूत घालायचे कसे? १०० वर्षांत कोण किती उष्णता अडवतो ते बघतात आणि सगळं कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सांगतात. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, तिच्या सहाव्या अहवालाप्रमाणे गुराढोरांचा १ किलो मिथेन म्हणजे सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइड, आणि १ किलो नायट्रस ऑक्साइड म्हणजे २७३ किलो. हा २७३ चा आकडा आपल्या उसाच्या पट्ट्यानं लक्षात ठेवायला पाहिजे, कारण हा वायू येतो युरियातनं.

सरीत टाकलेलं नत्र, म्हणजे खतातला नायट्रोजन, सगळं उसाला मिळत नाही. पाणी सोडलं, रान चिंब झालं, मातीतली हवा संपली की जिवाणू त्या नत्राचं रूपांतर करत बसतात आणि त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. डोळ्याला दिसत नाही, वास नाही. संशोधक मातीवर झाकणाची पेटी ठेवतात, ठरावीक मिनिटांनी सिरिंजनं आतली हवा काढतात आणि वायू किती वाढला ते मशीनवर बघतात. खत आणि पाणी एका पाठोपाठ पडलं की आकडा उसळतो, एरवी गप्प असतो, त्यामुळं एखाद्या दिवशी मोजून काहीच कळत नाही. प्रत्येक रानात पेटी ठेवणं शक्य नाही म्हणून सरासरी धरतात, दिलेल्या नत्राच्या साधारण १ टक्का.

आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १६०. त्याचा १ टक्का १.६ किलो, त्यात ऑक्सिजनचं वजन मिळवलं की वायू होतो अडीच किलो, आणि गुणिले २७३ केलं की एकरी जवळपास ६८५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम! युरिया बनवताना कारखान्यात जळलेला गॅस वेगळाच. आता एकरी ५० टन ऊस निघाला आणि टनाला १०० किलो गूळ धरला तर किलोमागं १४० ग्रॅमच्या आसपास, आणि तेवढंच खत घालून ३५ टनच निघाला तर जवळपास २०० ग्रॅम. गूळ तोच, काहील तीच, फरक रानातला.

गोठ्यातही असंच. म्हशीचा मिथेन मागनं येतो असं लोक समजतात, पण बहुतेक सगळा तोंडातनं ढेकरेवाटे येतो. आयपीसीसीच्या २००६ च्या ढोबळ आकड्यानं एक म्हैस वर्षाला ५५ किलो मिथेन सोडते, गुणिले २७ केलं की कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत दीड टनाच्या जवळ. वर्षाला १५०० लिटर दूध दिलं तर लिटरमागं १ किलो, १००० लिटरच दिलं तर दीड किलो, कारण भाकड काळातही ती ढेकर देतच असते.

साखर कारखान्याचा हिशोब तर अजून अवघड, तिथं त्याच उसातनं साखर, साखर काढून उरलेल्या पातळ मळीपासून इथेनॉल, बगॅसची म्हणजे चिपाडाची वीज असं सगळं निघतं, मग उसाचा बोजा कुणाच्या नावावर किती टाकायचा? वजनावर वाटला तर एक आकडा, किमतीवर वाटला तर दुसरा, आणि दोन्ही चूक नाहीत. म्हणून "या पदार्थाचा कार्बन इतका" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, कुठनं कुठपर्यंत मोजलंय, शेतापासून फाटकापर्यंत की ताटापर्यंत?

आण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग मोटरीचं काय, ती पण धर की." बरोबर आहे. ५ हॉर्सपॉवरची मोटर ८ तास चालली की ३० युनिटच्या पुढं जाते, आणि आपल्या विजेला युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर एका पाण्याचे वीस-बावीस किलो. पण आमच्या पंपाचा मीटर कधीचा बंद, बिल हॉर्सपॉवरवर यायचं. आता आण्णा दिनदर्शिकेवर तास लिहून ठेवतात, मोटर चालू केली की पेन्सिलनं एक रेघ, बंद केली की दुसरी.