फूटी अकादमी: मुलगा खेळतो छान, पण नाव अडतं कुठे?

मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीट-पॉइंट कुककडे, रविवारी सकाळी कुठल्याही ओव्हलवर जा. खांबांच्या मागे उभे राहून "अरे पास कर की!" असं मराठीत ओरडणारे दोन-चार बाबा हमखास सापडतील. फूटीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, पास नसतो, हँडबॉल (मुठीनं चेंडू ठोसणं) असतो, हे पोरांनी त्यांना शंभरदा सांगितलेलं असतं. गेली काही वर्षं मी अशाच एका लोकल क्लबात टीम मॅनेजरचं काम करतोय. कागदावर हे काम म्हणजे जर्सी मोजणं आणि हाफ टाइमला संत्री कापणं. प्रत्यक्षात निम्मा वेळ आईबाबांच्या प्लॅस्टिकच्या फायली चाळण्यात जातो. दरवर्षी तेच प्रश्न आणि त्याच चुका, म्हणून एकदा लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, 'अकादमी' या शब्दाला भुलू नका. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या, म्हणजे एएफएलच्या क्लबांची अकादमी ही क्लासची ॲडमिशन नाही. फॉर्म भरला, फी भरली, प्रवेश मिळाला, असं तिथे होत नाही. क्लबाचे लोक लोकल सामने, शाळा, निवड शिबिरं बघतात आणि बोलावतात. काही ठिकाणी 'आवड नोंदवा' असा ऑनलाइन फॉर्म असतो. तो भरणं म्हणजे हात वर करणं, एवढंच. आणि ज्या खाजगी कोचिंगवाल्यांनी स्वतःच्या नावापुढे अकादमी लावलंय, त्यांच्याकडे किती का पैसे भरा, त्याचा पात्रतेशी काडीचा संबंध नाही. तिथे मुलाचं किकिंग सुधारेल, कदाचित. बाकी काही नाही.

वंश नव्हे, जन्मस्थान

आपल्या लोकांच्या कामाची आहे ती 'नेक्स्ट जनरेशन अकादमी', बोलण्यात एनजीए. एएफएलने ही योजना २०१६ मध्ये सुरू केली. क्लबांना एकेक ठरावीक भूभाग दिला आणि त्या भागातली मूळनिवासी व बहुसांस्कृतिक घरांतली मुलं तयार करायला सांगितलं. बदल्यात ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब दरवर्षी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथे, त्या मुलांवर क्लबाला अग्रहक्क.

'बहुसांस्कृतिक' म्हणजे कोण, इथे पहिली अडचण. लोक समजतात, आडनाव कुलकर्णी, घरी गणपती बसतो, म्हणजे झालं. तसं नाही. आपल्याला लागू पडणारी अट जन्मस्थानाची आहे: आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण आशियात किंवा आफ्रिकेत जन्मलेला हवा. मुलगा स्वतः वेरिबीच्या हॉस्पिटलात जन्मला असेल तरी चालतं. पण वडील लंडनला जन्मले, आई न्यू जर्सीला, आणि आजी-आजोबा चारही साताऱ्याचे, तर या अटीत तुम्ही बसत नाही, घरी कितीही शुद्ध मराठी बोला. उलट वडिलांचा जन्म दुबईचा किंवा नैरोबीचा असेल तर बसता. हे ऐकून लोक हसतात, पण नकाशा तसाच आहे.

नियमांची शब्दरचना एएफएल मधूनमधून बदलते. तुमच्या शेजाऱ्याच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं ते धरून बसू नका.

जन्माचा पुरावा, म्हणजे खरी डोकेदुखी

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात जन्मलेल्या किती जणांकडे नावासकट जन्मदाखला आहे? नगरपालिकेत नोंद असते, पण नावाची जागा कोरी. खेड्यात तर नोंदच सापडत नाही. इथल्या ऑफिसातल्या तरुण पोराला हे पटवणं अवघड, कारण त्याच्या दृष्टीनं माणूस जन्मला म्हणजे दाखला निघालाच. "पण मग तुम्ही शाळेत कसे गेलात?" असं मला एकानं खरोखर विचारलं होतं.

मूल व्हिक्टोरियात जन्मलं असेल तर सगळ्यात सोपा रस्ता आधी तपासा: मुलाचाच पूर्ण जन्मदाखला. त्यावर आईवडिलांची जन्मस्थानं छापलेली असतात. पाळण्याच्या किंवा प्राण्यांच्या चित्रांचा जो सुंदर स्मरणिका-दाखला लोक फ्रेम करून हॉलमध्ये लावतात, तो मात्र एकटा चालत नाही. दरवर्षी कुणीतरी त्याचाच फोटो काढून पाठवतं.

मूल भारतात जन्मलं असेल तर त्याच्या दाखल्यावर आईवडिलांचं जन्मस्थान नसतं. मग तुमचे स्वतःचे कागद लागतात. त्यात सर्वांत भक्कम म्हणजे भारतीय पासपोर्ट. त्यावर जन्मगाव आणि राज्य दोन्ही असतं. नागरिकत्व घेतल्यावर तो सरेंडर केला असेल, तरी रद्दचा शिक्का मारून परत मिळालेली ती जुनी पुस्तिका जपून ठेवा. घर बदलताना "हे आता काय कामाचं" म्हणून फेकणारे मी पाहिलेत. ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून गावाचं नाव असतं, आणि सांगली कोणत्या खंडात आहे हे समोरच्याला ठाऊक असेलच असं नाही. भारतीय पासपोर्ट अजून चालू असेल तर वकिलातीकडून पासपोर्टच्या आधारे जन्मदाखला काढता येतो. तेही नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला. तो मराठीत असतो, तेव्हा नाटी (ऑस्ट्रेलियातली भाषांतरकारांना मान्यता देणारी संस्था) प्रमाणित भाषांतरकाराकडून इंग्रजी करून घ्या. घरी बसून स्वतः भाषांतर केलं आणि खाली सही ठोकली, हे चालत नाही.

एक काळजी मात्र विनाकारण केली जाते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे पासपोर्टवर जन्मस्थान मिरज, शाळेच्या दाखल्यावर पुणे. "आता हे कसं जुळवायचं?" जुळवू नका. प्रश्न देशाचा आहे, गावाचा नाही.

अडचण येते ती आईच्या नावाची. दोन वर्षांपूर्वी एक बाई मॅच संपल्यावर क्लबरूममध्ये थांबल्या. बाहेर सॉसेज भाजण्याचा धूर, आत त्या फाइल उघडून बसलेल्या. वडिलांचा जन्म इंग्लंडचा, म्हणजे सगळा भार आईच्या कागदांवर. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं. नुसतं आडनाव नाही, पहिलं नावही वेगळं, कारण लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून घेतलेलं. कागदोपत्री या दोन वेगवेगळ्या बायका. "मी मीच आहे हे सांगायला तांदूळ कुठून आणू?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही हसलो. सुटका झाली ती विवाह नोंदणी प्रमाणपत्राने आणि नाव बदलल्याच्या राजपत्राच्या प्रतीने. हे दोन कागद पुण्याला कपाटात पडलेले असतील तर आत्ताच मागवून घ्या. मुलगा चौदाचा होईपर्यंत थांबू नका.

पत्ता

एनजीएचं क्षेत्र तुम्ही राहता त्या पत्त्यावर ठरतं, मुलाला आवडणाऱ्या क्लबावर नाही. हे ऐकून मुलं रडतात, कारण लहानपणापासून जर्सी एका क्लबाची आणि घर दुसऱ्याच्या भागात. हद्दीबद्दल मी एकदा तीन ठिकाणी विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. तेव्हा फोनवर कोण काय म्हणालं यावर जाऊ नका. पोस्टकोड लिहून ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

आपल्याकडे नवीन वसाहतीत जमीन घेऊन घर बांधायचं वेड आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण मुलगा अकादमीत असताना हद्दीपलीकडे घर बांधायला घेतलंत, तर स्लॅब पडायच्या आधी क्लबाला विचारा, लेखी. प्लेएचक्यूवरची (लोकल क्लबांच्या ऑनलाइन नोंदणीची साइट) नोंदणी नवीन पत्त्यावर आणा. आणि त्यातला ईमेल तुम्ही रोज बघता तोच ठेवा. एका घरात शिबिराचं बोलावणं वडिलांच्या सोडलेल्या नोकरीच्या ईमेलवर गेलं होतं.

वर्ष कसं मोजायचं

ही सगळ्यात जास्त गैरसमज होणारी बाब. ड्राफ्टचा नियम साधा आहे: ज्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला अठरा पूर्ण होतात, ते त्याचं ड्राफ्टचं वर्ष. ड्राफ्ट असतो नोव्हेंबरात. म्हणजे डिसेंबरात वाढदिवस असलेला मुलगा सतरा वर्षांचा असतानाच निवडला जाऊ शकतो.

आपण मात्र सगळं बारावीवर मोजतो. व्हिक्टोरियात शाळाप्रवेशाची सीमा ३० एप्रिल आहे, त्यामुळे जानेवारी ते एप्रिलमध्ये जन्मलेल्यांची गफलत होते. उदाहरण घ्या. मुलाचा जन्म फेब्रुवारी २००८ चा. लवकर शाळेत घातला असेल, म्हणजे २०१३ मध्ये, तर बारावी २०२५ ला संपते. पण अठरा पूर्ण होतात २०२६ मध्ये, म्हणून ड्राफ्टही २०२६ चा. अशा घरात २०२५ च्या नोव्हेंबरात "आमच्या मुलाला डावललं" म्हणून फोन येतात. डावललेलं नसतं, तो त्या वर्षी पात्रच नसतो. मधलं वर्ष कसं घालवायचं, विद्यापीठात नाव घालायचं की नाही, हे आधीच ठरवा. पोराला घरी बसवू नका.

आणि हो, ड्राफ्टसाठी नाव नोंदवावं लागतं. ते आपोआप होत नाही. तारीख एएफएल दरवर्षी जाहीर करते. ती चुकली तर कितीही चांगला खेळ उपयोगाचा नाही.

अग्रहक्क कोणाचा?

हे नीट वाचा, कारण घराघरांत इथे स्वप्नं फुटतात. अग्रहक्क क्लबाचा आहे, मुलाचा नाही. दुसरा क्लब ड्राफ्टमध्ये आपली पाळी आली की तुमच्या मुलावर बोली लावतो, म्हणजे 'हा आम्हाला हवा' म्हणतो, आणि अकादमीचा क्लब आपल्या निवडींच्या गुणांतून (प्रत्येक निवडीच्या क्रमांकाला ठरलेले गुण असतात) ती बोली पेलतो, म्हणजे मुलगा स्वतःकडे ठेवतो. पेलावीच असं बंधन नाही. पेलली नाही तर मुलगा बोली लावणाऱ्या क्लबाकडे जातो, तो देशाच्या दुसऱ्या टोकाला का असेना.

२०२० मध्ये जमारा उगल-हेगनवर ॲडलेडनं पहिल्याच क्रमांकावर बोली लावली. वेस्टर्न बुलडॉग्जनं ती पेलली आणि अकादमीतला मुलगा देशात पहिला निवडला गेला. ते बघून एएफएलनं नियम आवळले. २०२१ मध्ये पहिल्या वीस निवडींतली बोली पेलायला बंदी. त्याच वर्षी मेलबर्नच्या अकादमीतला मॅक अँड्र्यू पाचव्या क्रमांकावर गोल्ड कोस्टकडे गेला आणि मेलबर्न बघत राहिलं. पुढच्या वर्षी ही हद्द चाळीसवर नेली. नंतर निर्बंध उठले, आणि २०२४ मध्ये एसेंडननं आपल्या अकादमीतल्या आयझॅक काकोवरची बोली तेराव्या क्रमांकावर पेलली. शिवाय बोली पेलताना क्लबाला गुणांत मिळणारी सवलत २०२५ पासून वीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आली. म्हणजे क्लबाला ही मुलं आता आधीपेक्षा महाग पडतात. मुलगा बारा वर्षांचा असताना लागू असलेला नियम तो अठराचा होईपर्यंत टिकेल, यावर घर गहाण टाकू नका.

सिडनी आणि ब्रिस्बेनकडच्या वाचकांसाठी वेगळं सांगतो, कारण तिथे चित्रच निराळं आहे. सिडनी स्वॉन्स, जायंट्स, ब्रिस्बेन लायन्स आणि गोल्ड कोस्ट सन्स या चार क्लबांच्या अकादम्या जुन्या आहेत, २०१० पासूनच्या, आणि त्यांत आईवडिलांच्या जन्मस्थानाचा प्रश्नच येत नाही. त्या भागांत रग्बीचा जोर, म्हणून स्थानिक मुलं फूटीकडे वळावीत यासाठी ही सोय. सिडनीत वेस्टमीडला राहणाऱ्या मराठी मुलाला तिथे जे लागू, तेच शेजारच्या गोऱ्या मुलाला. न्यूकासलकडचा आयझॅक हीनी २०१४ मध्ये असाच स्वॉन्सकडे आला, आणि २०२३ मध्ये सन्सनी आपल्या अकादमीतली चार मुलं पहिल्याच फेरीत घेतली. तेव्हा सिडनीच्या काकांनी मेलबर्नच्या पुतण्याला सल्ला देऊ नये, आणि उलटही.

अकादमीत नाव नसलं म्हणजे दार बंद, हाही गैरसमजच. बहुतेक मुलं नेहमीच्याच वाटेने जातात: लोकल क्लब, मग टॅलेंट लीग या अठरा वर्षांखालच्या स्पर्धेतला विभागीय संघ (पश्चिम मेलबर्नला वेस्टर्न जेट्स), मग राष्ट्रीय स्पर्धेत व्हिक मेट्रो, म्हणजे मेलबर्न महानगराचा संघ. चांगलं जमलं तर ऑक्टोबरातल्या ड्राफ्ट कम्बाइनला, म्हणजे शारीरिक चाचण्यांच्या शिबिराला, बोलावणं येतं, तिथे दोन किलोमीटर धावणं, वीस मीटर स्प्रिंट, उभी उडी, चपळाईची चाचणी. या वाटेवर तुमच्या जन्मदाखल्याला कुणी हात लावत नाही. मुलींचा ड्राफ्ट वेगळा, पण टॅलेंट लीग त्यांच्यासाठीही आहे, आणि टार्नीटकडच्या मराठी मुली सध्या मुलांपेक्षा जास्त गंभीरपणे खेळताना दिसतात. त्यांचे बाबा मात्र अजून मुलांच्याच मॅचला उभे असतात.

त्या तांदळाच्या नावाच्या बाईंच्या मुलाचं पुढे काय झालं असं लोक विचारतात. कागद सगळे मंजूर झाले. मग पोरानं एक सीझन अकादमी केली आणि सांगितलं की त्याला क्रिकेटच आवडतं. फाइल आईनं अजून जपून ठेवली आहे. धाकटी आठ वर्षांची आहे, दर शनिवारी ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटीला, जाते.