खिडक्या कोणी सांभाळायच्या? विंडो मॅनेजरची पार्श्वभूमी

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपुढचा. इंदुरात सिल्व्हर मॉलमधून हौसेनं आणलेली जुनी मशीन्स या अटींत अडकतात. मग घरातलाच कोणी भाचा-पुतण्या विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालून देतो आणि विचारतो, ‘काका, विंडो मॅनेजर कोणता ठेवू?’ विंडोजवर आयुष्य काढलेल्या काकांना असं काही निवडायचं असतं हेच ठाऊक नसतं.

या प्रश्नाचं मूळ अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात आहे. १९८४ मध्ये बॉब शाइफलर यांनी तिथं एक्स विंडो सिस्टीम सुरू केली. एक्सनं पडद्यावर चौकटी काढायच्या, माऊस-कीबोर्डचे निरोप पोचवायचे, बस्स. खिडकीला पट्टी असावी का, ती कशी सरकवायची, कुठली वर राहील, हे सगळं एका वेगळ्या प्रोग्रामवर सोपवलं. तोच विंडो मॅनेजर. तो बाकी प्रोग्रामांसारखाच एक असल्यानं, उघडलेलं काम तसंच ठेवून एक काढून दुसरा बसवता येई. १९८७ मध्ये एक्स ११ आलं, टॉम लास्ट्रेंज यांचा टीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजरही त्याच सुमाराचा. मेमरी वाचावी म्हणून रॉब नेशन यांनी १९९३ मध्ये त्यावरून एफव्हीडब्ल्यूएम बेतला. पुढे तर ज्याला हुक्की येईल त्यानं आपला विंडो मॅनेजर लिहावा, असे दिवस आले.

त्यात प्रत्येक प्रोग्रामचा तोंडवळा वेगळा. याला कंटाळून माथियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये केडीई हा सगळं एकसारखं दिसणारा पूर्ण डेस्कटॉप मांडला. एक्सएफसीईही त्याच वर्षीचा, ग्नोम १९९७ चा. तेव्हापासून विंडो मॅनेजर डेस्कटॉपच्या पोटात गेला आणि बहुतेकांना तो दिसेनासा झाला. खिडक्या फरशांसारख्या शेजारी-शेजारी बसवणारे डीडब्ल्यूएम (२००६) आणि आय-थ्री (२००९) मात्र वेगळ्या पंथाचे. गंमत म्हणजे १९८५ च्या विंडोज १.० मध्येही खिडक्या एकमेकींवर चढत नसत.

रोज मराठी लिहिणाऱ्यानं या पंथाच्या नादी लागण्याआधी एक बघावं. ग्नोममध्ये देवनागरी कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो. नुसत्या विंडो मॅनेजरवर आयबससारखी (इतर भाषा टाइप करायची) सोय बहुधा आपणच सुरू करून द्यावी लागते. घरच्या मशीनला माझं मत एक्सएफसीईला.

विंडो मॅनेजर हवा तसा बदलायची ही मोकळीक आता आवळते आहे. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या, एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये पडदा सांभाळणारा आणि खिडक्या सांभाळणारा एकच. एकाला बदलायचं तर दोन्ही बदला. म्हणून आय-थ्रीवाल्यांसाठी स्वे हा वेगळा प्रोग्राम लिहावा लागला. ग्नोम ४९ नं २०२५ मध्ये एक्स ११ चं सत्र मुळातच बंद ठेवलं. एक्सएफसीईचा विंडो मॅनेजर त्याच वेळी एक्सवरच होता.