जोर किती आणि जोर कधी

नाशिकच्या गंगापूर रोडला केटीएचएम महाविद्यालयाच्या बोट क्लबच्या काठावर सकाळी लवकर जाऊन उभं राहावं. धुकं असेल तर बोट दिसायच्या आधी ऐकू येते. वल्हं पाण्यातून निघून आडवं होताना कडीत फिरतं आणि ‘टक्’ असा छोटा आवाज होतो. चौघांचं जमलेलं असेल तर एकच टक्. जमलेलं नसेल तर सांडलेल्या शेंगदाण्यांसारखा विस्कटलेला आवाज. मुरलेला प्रशिक्षक पाठ फिरवूनही सांगतो, आज बोट लागली नाही. पण चौघांपैकी कोण चुकलं आणि कितीनं चुकलं, हे कानाला सांगता येत नाही. ते सांगायला आता वल्ह्यावर, कडीवर आणि बोटीच्या तळाशी सेन्सर बसतात.

नाशिककरांसाठी या खेळाचं, रोइंगचं, नाव म्हणजे दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्यांचं गाव, दुष्काळाच्या टापूतलं. वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम केलेला हा तरुण 2012 मध्ये सैन्यात गेला आणि रोइंग त्यानं तिथे पाहिलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये (एकटा माणूस, दोन वल्ही) तो तेरावा आला. दोन वर्षांनी इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धेत आजारी अवस्थेत एकेरीची अंतिम फेरी वल्हवली आणि तो शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्ट 2018 ला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत त्याच पाण्यात सुवर्णपदक. ही गोष्ट जिद्दीची आहेच. मला मात्र त्यातली बोट खुणावते. चार माणसं एका बोटीत बसली की त्यांच्या जोराची नुसती बेरीज होत नाही. कधी त्याहून खूप कमी होतं, आणि ती गळती नेमकी कुठे होते हे डोळ्यांना दिसत नाही.

आधी एक प्रश्न. बोट सर्वांत वेगात कधी असते? वल्हं पाण्यात असताना, असंच कुणीही म्हणेल. रोइंगमध्ये हे उत्तर चुकतं. बोटीचा तळ सर्वांत वेगात असतो तो वल्ही हवेत असताना.

कारण रोइंगची बैठक चाकांवर सरकते. चौघांच्या स्पर्धेच्या बोटीचं किमान वजन 52 किलो. त्यात 85 किलोचे चार गडी बसले की झाले 340. म्हणजे माणसं बोटीच्या साडेसहा पट जड. रामकुंडाच्या बाजूला होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सटकते, तेच इथे वल्ह्याच्या दर फेऱ्याला होतं. वल्हं ओढून झालं की चौघे गुडघे दुमडत बोटीच्या मागच्या टोकाकडे सरकतात, आणि हलकी बोट त्यांच्या खालून पुढे पळते. मग ते पुढच्या ओढीसाठी पाय रोवतात. त्या क्षणी वल्ह्यांनी पाणी धरलेलं नसेल तर पायांचा तो रेटा बोटीलाच मागे ढकलतो. बोट सर्वांत संथ असते ती इथेच, पाणी धरण्याच्या आसपास. रोइंगवाले या क्षणाला ‘कॅच’ म्हणतात.

वेग असा वर-खाली होणं महागात पडतं. पाण्याचा अवरोध साधारण वेगाच्या वर्गानुसार वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनानुसार. सेकंदाला 5 मीटर या एकसारख्या वेगानं जायला 5 चा घन, म्हणजे 125 एकक शक्ती लागते असं धरू. आता निम्मा वेळ 4 आणि निम्मा वेळ 6 मीटर वेगानं गेलो, तर सरासरी वेग तोच राहतो. पण 64 आणि 216 यांची सरासरी येते 140. अंतर तेवढंच, वेळ तेवढाच, घाम मात्र 12 टक्के जास्त. हिशोब दिसावा म्हणून उदाहरण जरा मोठं घेतलंय, पण दिशा हीच. चढउतार पूर्ण घालवता येत नाही, थोडा कमी करता येतो, आणि 2000 मीटरची शर्यत कित्येकदा सेकंदाच्या अंशानं जिंकली जाते.

हा चढउतार मोजतो त्वरणमापक, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर. तुमच्या फोनमध्येही तो आहे. सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं एक इवलं वजन, त्याला कंगव्यासारखे दात, आणि त्या दातांत अडकलेले दुसरे स्थिर दात. धक्का बसला की वजन किंचित मागे राहतं, दातांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विद्युत धारकताही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते. मिनिटाला 36 फेरे मारणाऱ्या बोटीत एक फेरा 1.67 सेकंदांचा असतो. सेकंदाला 100 नोंदी घेतल्या तर प्रत्येक फेऱ्याचे सुमारे 165 बिंदू मिळतात. त्यांचा आलेख काढला की कॅचपाशी एक खोल खड्डा दिसतो. सरकताना घाई केली, बैठक धाडकन आपटली, की तो खड्डा आणखी खोल होतो.

तळाचा सेन्सर सांगतो बोटीचं काय झालं. कुणामुळे झालं, हे विचारायचं तर प्रत्येकाच्या वल्ह्यापर्यंत जावं लागतं. तिथे चिकटवतात स्ट्रेन गेज: नागमोडी वळणाची धातूची अतिशय पातळ पट्टी, नखाएवढी. जोर लावला की दांडा किंचित वाकतो, पट्टी किंचित ताणली जाते आणि तिचा विद्युत रोध अगदी थोडा वाढतो. एवढा कमी बदल सरळ मोजणं अवघड, म्हणून पट्ट्या व्हीटस्टन ब्रिजमध्ये, म्हणजे रोधांमधला बारीक फरक पकडणाऱ्या जोडणीत, जोडतात. तोच, जो बारावीच्या पुस्तकात आपण समीकरणापुरता पाठ केला होता. ब्रिज समतोलात असताना मधून विद्युतदाब शून्य येतो, आणि दांडा जरा वाकला की शून्य सरकतं.

आलेल्या आकड्यांना अर्थ मात्र आपणच द्यायचा असतो. मी हे एकदा घरी करून पाहिलं. वल्ह्याचा दांडा दोन टेकूंवर पक्का धरला आणि टोकाला एकेक करून 5 किलोची वजनं लटकवली. प्रत्येक वजनाला स्क्रीनवरचा आकडा लिहून घेतला. पाच बिंदू जवळपास एका रेषेत आले तेव्हा खूप आनंद झाला. दुपारी तेच ऊन पडलेल्या गच्चीवर केलं, तर वजन न लावताच शून्य हललेलं. तापमानानं दांडाही प्रसरण पावतो आणि पट्टीही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी, प्रत्येक सरावाला, वल्हं मोकळं धरून शून्य पुन्हा लावायचं. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढचा सगळा आलेख खोटा.

रोइंगमध्ये एक सोय असते. वल्हं बोटीच्या कडीत अडकवलेलं असल्यामुळे सेन्सर कडीतच बसवता येतो आणि वल्ह्याचा कोनही तिथेच मोजता येतो. कयाक किंवा ड्रॅगन बोटीत वल्हं सुटं, हातात. जे काही लावायचं ते दांड्यावर आणि हलकं, नाहीतर सेन्सरच तंत्र बिघडवेल. तिथे आलेखात दोन चुका ठळक दिसतात. एक, पातं पूर्ण बुडायच्या आधीच ओढ सुरू करणं: जोराची रेघ वर चढता चढता मध्येच कचरते. दुसरी, पातं कमरेच्या मागे जाईपर्यंत ओढत राहणं. तेव्हा पातं पाणी मागे ढकलायचं सोडून वर उचलू लागतं आणि बोट खाली दाबली जाते. वल्हवणाऱ्याला वाटतं आपण लांब ओढतोय. दमही लागतो, म्हणून ती चूक कष्टासारखी वाटते.

आता ताल. नाशिक ढोलच्या गावात हे समजावणं सोपं आहे. पथक 30 मीटर लांब असेल तर पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला सेकंदाचा जवळजवळ अकरावा भाग लागतो. मागचा वादक नुसता कानावर वाजवेल तर मागेच पडेल. म्हणून नजर पुढच्याच्या टिपरूवर. 12 मीटर लांबीच्या ड्रॅगन बोटीत 20 वल्हवणारे असतात आणि पुढे ढोल वाजवणारा, तरीही मागच्यांना शिकवतात ते पुढच्या जोडीच्या वल्ह्याकडे बघायला.

पण नजरेलाही मर्यादा आहे. दिसलेल्या इशाऱ्यावर शरीर हलायला सुमारे 0.2 सेकंद लागतो. शर्यतीत वल्ह्याची पाण्यातली ओढ जेमतेम पाऊण सेकंदाची. पुढच्याचं वल्हं पडलेलं पाहून आपलं टाकलं तर चौथाई ओढ हुकलीच. म्हणजे चांगला संघ एकमेकांना बघून वल्हवत नाही, पुढचा क्षण आधीच ओळखून वल्हवतो. आणि ही ओळख सेकंदाच्या शतांशांत चुकते, जे कुणाच्याच डोळ्यांत येत नाही. चौघांच्या जोराच्या रेघा एकावर एक ठेवल्या की मात्र लगेच दिसतं, तिसऱ्या जागेवरची रेघ दर वेळी उजवीकडे सरकलेली आहे.

माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावला होता. 1913 मध्ये छापलेल्या त्याच्या आकड्यांनुसार आठ जणांनी मिळून ओढलं की दर माणशी जोर एकट्याच्या निम्म्यावर आला. याची दोन कारणं असू शकतात: ताल न जुळणं, किंवा ‘आपण नाही ओढलं तरी चालेल’ ही न बोललेली भावना. 1974 मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगात डोळे बांधलेल्या माणसांना मागे आणखी लोक ओढताहेत असं नुसतं सांगितलं. ते एकटेच होते, तरी जोर घटला. बोटीत या दोन गोष्टी वेगळ्या करणं हेच सेन्सरचं मोठं देणं आहे असं मला वाटतं. रेघ सरकलेली असेल तर ताल चुकतोय, रेघ बुटकी असेल तर जोर कमी पडतोय. दोघांवर उपाय वेगळे. ताल चुकलेल्या मुलाला ‘जोर लाव’ म्हणून ओरडलं तर तो आणखी चुकतो, आणि हे किती वर्षं चालत आलंय! म्हणूनच प्रत्येकाचा आलेख आधी त्याला एकट्याला दाखवावा, सगळ्यांसमोर पडद्यावर लावून पोराला खजील करू नये.

नदीवरच्या अडचणी पुस्तकात नसतात. जीपीएस जमिनीच्या सापेक्ष वेग सांगतं, पाण्याच्या नव्हे. गंगापूर धरणातून आवर्तन सुटलेलं असलं की प्रवाहाबरोबर जाणारा संघ उगाच हुशार दिसतो. दोन्ही दिशांना वल्हवून सरासरी घ्यावी, किंवा धरणाच्या स्थिर पाण्यात मोजावं. पाणवेलीत वल्हं अडकलं की जोराच्या आलेखात सुळका उठतो, तो फेरा काढून टाकायचा. आणि त्वरणावरून अंतर काढण्याच्या मोहात पडू नये. सेन्सरमध्ये सेकंदवर्गाला फक्त 0.01 मीटरची कायमची चूक असली तरी एका मिनिटात हिशोब 18 मीटरनी चुकतो. म्हणून जीपीएस आणि त्वरणमापक यांची माहिती एकत्र करून एकाची चूक दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतात.

मिळालेली माहिती शरीरात कशी उतरवायची, हा तर निराळाच विषय. वल्हवताना स्क्रीन बघितली की मान वाकते. जर्मनीत हॅम्बुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटीच्या त्वरणाचं थेट सुरात रूपांतर करून ते वल्हवणाऱ्यांना ऐकवलं. बोट दबली की सूर खाली, पळाली की वर. मला ही कल्पना फार आवडते, कारण टक् ऐकणाऱ्या प्रशिक्षकाच्या कानाच्या ती सर्वांत जवळची आहे. पण दर फेऱ्याला सांगत राहिलं तर माणूस सेन्सरच्या आधारानंच वल्हवायला शिकतो, आणि तो काढून घेतला की अडखळतो. शर्यतीत तर काठावरून रेडिओनं सूचना देता येत नाहीत. म्हणून दहा मिनिटं ऐकवावं, पुढची दहा मिनिटं बंद करावं, आणि मधल्या वेळात मुलांनाच विचारावं, आता कसं वाटलं? त्यांचं उत्तर आणि आलेख जुळू लागले की काम झालं.

हे सगळं करून पाहायला महागडं यंत्र लागत नाही. जर्मनीतल्याच आखेन विद्यापीठानं केलेलं फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप फोनच्या त्वरणमापकाचा आलेख काढून देतं. फोन जलरोधक पिशवीत घालून बोटीच्या तळाशी घट्ट बांधा, लांब बाजू बोटीच्या दिशेत. वीस फेरे नेहमीसारखे मारा. मग वीस फेरे असे, की वल्हं ओढण्यात बदल काहीच नाही, फक्त मागच्या टोकाकडे सरकताना घाई करायची नाही. दोन्हींतल्या खड्ड्यांची खोली ताडून पाहा. फोन बांधायचा तो बोटीलाच. खिशात ठेवलात तर तो तुमच्या शरीराची चाल मोजेल, आणि बोट त्या वेळी काय करत होती हे त्याला कळणारच नाही.