टेनिस बॉल आणि कुत्र्याचा रबरी बॉल: यातला मऊ कुठला?

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या ग्राउंडवर सकाळी गेलं की ठरलेला सीन, पोरांचं क्रिकेट चाललेलं असतंय, बॉल लांब येतोय आणि आमचा लॅब्रेडोर तो उचलून सुसाट. मागनं पोरं, "काका, बॉल द्या की!" लाळेनं भिजलेला बॉल परत कोण घेणार, मग मी पैसे द्यायचो आणि बॉल घरी. असे सहा-सात साठले होते.

मला वाटायचं टेनिस बॉल मऊ, वर लव हाय, दाताला काय होणार, आणि रबरी बॉल कडक म्हणून दात जाणार. हे एकदम उलटं निघालं. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं तर सुळ्यांची टोकं सपाट झालेली, मधोमध तपकिरी ठिपका. ती लव असते लोकर आणि नायलॉनची, ओली झाली की आपली लाल माती त्यात घट्ट बसते, मग तो बॉल म्हणजे गोल पॉलिश पेपरच की! कुत्रं तासभर चावत बसलं की दात घासलेच जातात.

दुसरं म्हणजे टेनिस बॉल बनवलाय रॅकेटसाठी, दाढेसाठी नव्हे. आतनं पोकळ, मोठ्या कुत्र्याच्या दाढेखाली दोन मिनिटांत फाटतोय, आणि ती लव किंवा फाटलेल्या बॉलची अर्धी वाटी पोटात गेली तर आतडं तुंबून थेट ऑपरेशन. पंजाचा छाप मारलेला टेनिस बॉल विकतात त्यालाही भुलू नका, लव असेल तर माती धरणारच.

रबरी म्हणजे पोरांचा पातळ फुगीर बॉल नव्हे हां, त्याचे तर तुकडेच पडतात. चावायसाठीच बनवलेला जाड नैसर्गिक रबराचा पाहिजे. दुकानात अंगठ्याचं नख दाबून बघा, थोडं दबून परत वर आलं पाहिजे, दगडासारखा असेल तर तिथंच ठेवा, त्यानं दात फुटतात. आणि भोक असलेला घेतला तर भोकं दोन पाहिजेत. एकच भोक असेल तर जीभ आत जाते, हवा कोंडून ओढ बसते, जीभ सुजते आणि बाहेरच येत नाही, ऐकायलाच अंगावर काटा येतोय.

साइजमध्ये मात्र दोन्ही सारखेच धोक्याचे. टेनिस बॉल साधारण साडेसहा ते पावणेसात सेंटीमीटर, मोठ्या लॅबच्या तोंडात तो सुळ्यांच्या मागं सरकतोय आणि लाळेनं गुळगुळीत झाला की घशात बसतोय. सुळ्यांच्या मागं जाणार नाही एवढा मोठा घ्या. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्याचं तोंड निमुळतं, त्याला पळायचं वेड जास्त, म्हणून चावायचा धोका कमी असेल पण साइज बघायलाच लागतंय.

टेनिस बॉल एकदम बंद केला नाही मी. टाकायचा, आणला की काढून घ्यायचा, पाच-दहा मिनिटं बास, घरी आल्यावर धुवून कपाटावर. चावायला मोठा रबरी, त्यालाही भेग दिसली की कचऱ्यात. ग्राउंडवर मात्र पोरांनी आता आमच्या बाजूला एक फिल्डर जादाचा ठेवलाय.