मावशीचे फासे आणि सुळ्याची साक्ष

सोलापुरातल्या बाळीवेशीजवळचा मावशीचा वाडा पाडायला काढला, तेव्हा माळ्यावरच्या पेटीत सारीपाट सापडला. कापडी पट, लाकडी सोंगट्या आणि बोटभर लांबीचे तीन पांढरट फासे. "खरे हस्तिदंती आहेत बरं का, आजेसासऱ्यांच्या वेळचे," मावशी म्हणाली. हे ऐकून मावसभाऊ लगेच मोबाइलवर भाव शोधायला लागला. त्याला म्हटलं, थांब बाबा. आपल्याकडे हस्तिदंत विकताही येत नाही नि विकत घेताही येत नाही. वारशानं आलेला नुसता घरात ठेवायचा तरी वनखात्याचा मालकी दाखला लागतो. आणि मुळात हे फासे हस्तिदंताचे आहेत का, तेच आधी बघू.

घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून भिंग आणलं. हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात. हाड कापून घासलं की त्या उघड्या पडतात, त्यांत वर्षानुवर्षांचा मळ बसतो आणि काळे ठिपके, काळ्या रेघोट्या दिसतात. हस्तिदंतात, म्हणजे हत्तीच्या सुळ्यात, अशा नळ्या नसतात, कारण सुळा हाड नव्हेच. तो वरच्या जबड्यातला पटाशीचा दात आहे, जन्मभर वाढत राहणारा आणि जवळजवळ सगळा डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या टणक द्रव्याचा, बनलेला. सुळा आडवा कापला तर त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दिसतात. त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळ या रेषांमधला कोन हत्तीत ११५ अंशांहून मोठा असतो, तर मॅमथ या हत्तीच्या नामशेष झालेल्या केसाळ भाऊबंदात ९० अंशांहून लहान. सायबेरियाच्या बर्फातून निघणारे मॅमथचे सुळे बऱ्याच देशांत उघडपणे विकता येतात आणि त्यांच्या नावाखाली हत्तीचा माल खपवला जातो. तिथे हा कोन कामी येतो.

मावशीच्या फाशांवर ठिपकेच ठिपके होते. म्हणजे हाड, बहुधा गुराचं. मावशीला ते अजून पटलेलं नाही.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असं आपण म्हणतो. खायचे वेगळे हे खरं, पण बाकीचे नुसते दाखवायला नसतात. साल सोलायला, पाण्यासाठी माती उकरायला, झुंजायला हत्तीला सुळेच लागतात. शिवाय सुळ्याचा साधारण तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. चोरट्याला तो तुकडाही सोडायचा नसतो, म्हणून तो आधी हत्ती मारतो आणि मग चेहरा फोडतो.

सुळा आतून वाढतो. एकात एक बसवलेल्या द्रोणांसारखे डेंटिनचे थर साचत जातात. टोक सर्वांत जुनं, बुडाशी दाताच्या आतल्या मऊ गराला लागून असलेला थर सर्वांत नवा. त्यामुळे बुडाच्या थरावर हत्तीच्या मरणाचा काळ नोंदलेला राहतो. १९५० नंतर आणि १९६०च्या सुरुवातीला झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार) जवळजवळ दुप्पट केला. चाचण्या थांबल्यावर तो वर्षागणिक उतरत गेला. ही उतरण नीट मोजलेली आहे. हत्ती पाला खातो, पाल्यातला कार्बन दातात जातो, आणि बुडाच्या थरातला कार्बन-१४ मोजला की हत्ती केव्हा मेला ते कळतं.

ही नुसती प्रयोगशाळेतली करामत नाही. सुळ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदी ठरली, तरी १९९९ आणि २००८ मध्ये आफ्रिकेतल्या काही देशांना साठवलेला माल विकायची मुभा मिळाली. त्यामुळे पकडल्या गेलेल्या मालाबद्दल 'गोदामातला जुना साठा आहे' म्हणायला वाव राहिला. २००२ ते २०१४ दरम्यान जप्त झालेल्या मोठ्या साठ्यांतले दोनशेहून अधिक नमुने असे तपासले गेले. त्यांतले बहुतेक हत्ती जप्तीच्या आधीच्या तीनच वर्षांत मेलेले निघाले. जुना माल म्हणणं ही थाप होती.

हत्ती कुठला, हे डीएनए सांगतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे सॅम्युअल वासर आणि त्यांचे सहकारी यांनी आफ्रिकाभरातून हत्तीचं शेण गोळा केलं. शेणाला आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यांवरून त्यांनी कुठल्या भागातल्या हत्तीचा डीएनए कसा, याचा नकाशा बनवला. जप्त सुळे त्याच्याशी ताडल्यावर दिसलं की २००६ नंतरचा बराचसा माल दोनच टापूंतला आहे: टांझानिया-मोझांबिककडचा गवताळ मुलूख आणि गॅबॉन-काँगो-कॅमेरूनकडचं जंगल. पुढे आणखी एक गंमत उघडी पडली (गंमत कसली म्हणा). एकाच हत्तीचे दोन सुळे वेगवेगळ्या जप्तींत सापडायला लागले. बंदर बहुतेकदा तेच, मधलं अंतर काही महिन्यांचं. म्हणजे मागे टोळीही तीच. असा धागा धरत तपास मोजक्या टोळ्यांपर्यंत पोचला.

या व्यापाराची पाळंमुळं आपल्याही मातीत आहेत. बार्शीच्या पलीकडे तेर आहे, ग्रीक व्यापाऱ्यांनी 'तगर' म्हणून नोंदवलेलं. तिथल्या संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याच जातकुळीतली मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात मिळाली. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं ते शहर. आपल्याकडच्या मालाची अशी दोन हजार वर्षांपूर्वीची ऊठबस. भारतीय हस्तिदंताचा देशातला व्यापार कायद्यानं बंद झाला तो थेट १९८६ साली, आणि आफ्रिकेतून आणलेल्या मालाचा १९९१ साली.

तोवर नुकसान होऊन गेलं होतं. १९७९ मध्ये आफ्रिकेत सुमारे १३ लाख हत्ती होते, दहा वर्षांनी सहा लाखांच्या आसपास उरले. हत्तिणीचं गर्भारपण २२ महिन्यांचं आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचं अंतर, तेव्हा अशी घट भरून यायला पिढ्या लागतात. आशियाई हत्तींत मोठे सुळे फक्त नरांना येतात. त्यामुळे केरळातल्या पेरियार अभयारण्यात चोरट्यांनी नरच टिपले, इतके की १९८० नंतरच्या दशकाअखेर शंभराहून अधिक प्रौढ माद्यांमागे एक प्रौढ नर, अशी गत झाली. आकड्यानं कळप शाबूत दिसायचा, पण पिल्लं कमी झाली.

आफ्रिकेत मादीलाही सुळे असतात. मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते १९९२ या यादवीत दोन्हीकडच्या सैन्यांनी खर्चापाण्यासाठी हत्ती मारले. नव्वद टक्क्यांहून अधिक संपले. युद्धाआधी तिथे पाचातली साधारण एक हत्तीण बिनसुळ्याची असायची, नंतर निम्म्या तशा निघाल्या. गोळी सुळेवालीला लागत होती, म्हणून बिनसुळ्याच्या माद्या आणि त्यांच्या लेकी मागे उरल्या. २०२१ मध्ये याचं आनुवंशिक कारण उलगडलं. हा गुण एक्स गुणसूत्रावर आहे. लेकीला आईकडून तो मिळाला तरी बापाकडचं दुसरं एक्स असतं, ती जगते आणि तिला सुळे येत नाहीत. नराकडे एकच एक्स. ज्या लेकाच्या वाट्याला आईचं ते एक्स येतं, तो जन्मालाच येत नाही. बिनसुळ्याच्या आयांच्या पिल्लांत म्हणूनच तीनातल्या दोन लेकी असतात.